‘व्हिस्की नो’ ते ‘सोस्यो’: तापीकाठच्या एका पेयाची तीन नावे

१/ जळगावहून निघालेली गाडी धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार मागे टाकत सुरतेला पोहोचते. धुळ्याहून साक्री–नवापूरमार्गे जाणारा रस्ताही तेथेच उतरतो. १ मे १९६० पर्यंत तर सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते. या सुरतेत जन्मलेल्या एका शीतपेयाचे नाव दोनदा बदलले, आणि दुसरा बदल घडवला तो ग्राहकांच्या जिभेने. (थ्रेड)

२/ कथेचा आरंभ मात्र मँचेस्टरला होतो. १९०८ साली जॉन निकोल्स या व्यापाऱ्याने फळांचा रस, वनस्पती व मसाले यांचे एक शक्तिवर्धक पेय काढले. नाव ‘व्हिम टॉनिक’. १९१२ मध्ये ते आखडून ‘व्हिम्टो’ झाले. औषधाचा वास असलेला ‘टॉनिक’ शब्द गेला आणि उरले ते मौजेने पिण्याचे पेय. साम्राज्याच्या वाटांनी ही बाटली हिंदुस्थानातही आली.

३/ पुढे असहकाराचे दिवस आले. विलायती कापडाची होळी होत असताना विलायती सरबताकडेही लोकांची नजर वळणे साहजिक होते. सुरतेचे अब्बास अब्दुलरहीम हजूरी यांनी १९२३ मध्ये आपल्या व्यवसायाचा पाया घातला आणि व्हिम्टोला स्वदेशी पर्याय उभा केला. त्या पेयाचे पहिले नाव होते ‘व्हिस्की नो’!

४/ आज हसू येते. पण त्या काळात या नावाला अर्थ होता. स्वदेशी आणि दारूबंदी ही एकाच चळवळीची दोन अंगे होती. दारूच्या गुत्त्यांपुढे निरोधने होत होती. तांबूस रंगाची, फेसाळती बाटली हातात असलेल्या माणसाला ‘हे ते नव्हे’ असे सांगण्याची सोय त्या नावात होती. दोष एवढाच, की जी वस्तू नको तिचेच नाव त्यात आधी उच्चारावे लागे. नकारावर उभे असलेले नाव फार काळ चालवणे कठीण असते.

५/ मग दुसरे नाव आले: ‘सोशिओ’. मूळ लॅटिन ‘सोशियस’, म्हणजे सोबती, भागीदार. व्हिस्कीला नकार देणारे पेय आता मैत्रीला होकार देऊ लागले. कल्पना सुंदर होती, पण लॅटिनमधली. सुरतेच्या बाजारात लॅटिन कोण बोलणार?

६/ बाटलीवरची इंग्रजी अक्षरे लोकांनी आपल्या पद्धतीने वाचली: सोसिओ, आणि घाईत ‘सोस्यो’. याला अशुद्ध उच्चार म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. शाळेतील व्याकरण आठवावे: ‘इ’पुढे विजातीय स्वर आला की ‘इ’चा ‘य्’ होतो. इति + आदि = इत्यादि. प्रति + एक = प्रत्येक. तसेच सोसि + ओ = सोस्यो. सुरतेच्या गिऱ्हाइकाने लॅटिन शब्दाचा चक्क यण् संधी करून टाकला होता.

७/ हजूरींचा खरा शहाणपणा येथे दिसतो. त्यांनी उच्चार सुधारण्यासाठी जाहिराती केल्या नाहीत. नावाचेच स्पेलिंग बदलले आणि लोक जे म्हणत होते ते बाटलीवर छापले. ग्राहकांनी तक्रार करण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण नाव त्यांचेच होते. खानदेशाला हा प्रकार परका नाही. सरकारी कागदांवर दीर्घकाळ ‘धुलिया’ असलेले गाव अखेर लोकांच्या तोंडी होते तसे ‘धुळे’ झालेच.

८/ याउलट वरून लादलेल्या नावांची गत पाहावी. १९७७ मध्ये परकीय भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्याच्या अटीवरून कोका-कोलाने भारत सोडला. उद्योगमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. त्या जागी सरकारच्या मॉडर्न बेकरीने म्हैसूरच्या अन्नतंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने नवा कोला काढला. नाव ‘डबल सेव्हन’, म्हणजे जनता पक्षाच्या विजयाचे साल! १९८० मध्ये काँग्रेस परतली. पराभवाचे साल मिरवणाऱ्या बाटलीला नव्या राज्यात वाली कोण? चवीनेही तिला तारले नाही. मुंबईच्या पारलेचे ‘थम्स अप’ही त्याच १९७७ चे, त्याच्या नावाला मात्र कोणत्याही निवडणुकीची मुदत नव्हती.

९/ १९९० मध्ये पेप्सी आली ती ‘लेहर पेप्सी’ होऊन. देशी बाजारात निव्वळ विदेशी नाव चालणार नाही, अशी सरकारी अट होती. कंपनीने नाव जोडले, अक्षरे छापली. दुकानात मागणी मात्र ‘एक पेप्सी द्या’ अशीच राहिली. १९९१ नंतर बंधने सैल झाली आणि यथावकाश पेयावरून ‘लेहर’ गळून पडले. मराठीत लहर म्हणजे लाट, तशीच मनाची लहरही. ही सरकारी लहर लवकरच ओसरली.

१०/ लोकांनी पेप्सीवर आपला सूड वेगळ्याच प्रकारे उगवला. महाराष्ट्रातील गावोगावच्या मुलांसाठी ‘पेप्सी’ म्हणजे प्लास्टिकच्या नळीत गोठवलेले रंगीत, गोड पाणी. अमेरिकन कंपनीचा त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही. तरीही शाळेबाहेरच्या टपरीवर कोणते पेप्सी मागितले आहे, हे दुकानदाराला विचारावे लागत नाही.

११/ सोस्योकडे परत यावे. जळगाव, धुळे, नंदुरबारची हजारो कुटुंबे कापडधंद्याच्या ओढीने सुरतेत गेली. लिंबायत, उधना या भागांत अहिराणी आजही सहज कानावर पडते. त्या शहराचे पेय या मंडळींच्याही ओळखीचे झाले. लॅटिन ‘सोबती’चा अर्थ त्यांतील कुणाला ठाऊक असण्याची गरज नव्हती.

१२/ जानेवारी २०२३ मध्ये रिलायन्सने हजूरींच्या कंपनीत ५० टक्के हिस्सा घेतला. त्याच समूहाने त्याआधी ‘कॅम्पा’ हे जुने नाव विकत घेतले होते. मालकीत इतका मोठा वाटेकरी आला, तरी सुरतेच्या बाटलीवरील नाव बदलण्यात आले नाही. तेथे अजूनही ‘सोस्यो’ असेच लिहिलेले असते.