वर्ट, साठवलेला
माल्ट केलेल्या बार्लीचा गोड अर्क हॉप्ससह उकळला, पण त्यात यीस्ट अजून घातले नाही, की त्या द्रवाला वर्ट म्हणतात. एरवी तो उकळल्यावर लगेच गार करून आंबवायला ठेवतात. घरी बिअर करणारे मात्र कधी कधी तो राखून ठेवतात.

राखण्याची सर्वांत परिचित रीत ऑस्ट्रेलियातली. पाण्याची टंचाई असलेल्या त्या देशात वर्ट गार करायला नळ सोडून ठेवणे अनेकांना परवडेना. तेव्हा उकळता वर्ट थेट जाड प्लास्टिकच्या चौकोनी कॅनमध्ये भरण्याची पद्धत रूढ झाली. हे प्लास्टिक उष्णता सोसणारे, खाद्यपदार्थांसाठीचे एचडीपीई असते. कॅन काठोकाठ भरायचा, बाजू दाबून उरलेली हवा काढायची, झाकण घट्ट लावायचे आणि कॅन काही मिनिटे आडवा करायचा, म्हणजे झाकणाची आतली बाजूही कढत वर्टने निर्जंतुक होते. गार होताना कॅनच्या बाजू आत ओढल्या जातात. पुढे तो फुगलेला दिसला, तर आत कोणीतरी शिरले आहे असे समजून वर्ट ओतून द्यावा. तिथल्या दुकानांत असा तयार वर्टही कॅनमध्ये विकत मिळतो.

वर्ट सावकाश गार झाला की चव थोडी बदलते. सुमारे 80 अंश सेल्सिअसच्या वर हॉप्समधला कडवटपणा उतरतच राहतो, त्यामुळे शेवटच्या मिनिटांत सुगंधासाठी घातलेले हॉप्सही बिअर कडू करतात. फिकट माल्ट असेल तर डायमिथाइल सल्फाइड साचून उकडलेल्या मक्यासारखा वास येण्याची भीती असते. जोरदार उकळीने ती बरीच कमी होते.

खरा धोका मात्र नाकाला कळत नाही. वर्टचा पीएच साधारण 5.2 ते 5.5 असतो. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूला आवर घालायला तो 4.6 च्या खाली हवा. या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळीला पुरून उरतात, आणि हवाबंद कॅन तर त्यांच्या सोयीचाच. आंबवण सुरू झाले की यीस्ट पीएच उतरवते आणि अल्कोहोलही तयार करते; साठवलेल्या वर्टला यांपैकी कशाचेच संरक्षण नसते. म्हणून कॅन महिनोन्‌महिने बाहेर ठेवण्याचा प्रघात धाडसाचाच म्हणावा लागेल. एक-दोन दिवसांत यीस्ट घालणे शहाणपणाचे. फ्रिजवरही फार विसंबू नये, कारण या जिवाणूच्या काही जाती 3 अंशांच्या आसपासही वाढतात.

यीस्टचे विरजण वाढवायला लागणारा थोडा वर्ट बरण्यांत भरून प्रेशर कॅनरमध्ये 121 अंशांवर 15 मिनिटे ठेवतात. बरण्या मोठ्या असतील तर वेळ वाढवावा लागतो. ते साधन नसेल तर वर्ट गोठवणे बरे. तेव्हा भांड्यात प्रसरणासाठी जागा सोडावी आणि वापरण्याआधी वर्ट पुन्हा उकळावा, कारण गोठल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात.

जर्मनीत राखलेल्या वर्टला ‘श्पायझे’, म्हणजे अन्न, म्हणतात. बव्हेरियात बिअरमध्ये साखर चालत नाही, म्हणून आंबवण संपलेल्या गव्हाच्या बिअरमध्ये बाटली भरताना हाच वर्ट मिसळतात. त्यातली साखर खाऊन यीस्ट बाटलीत फेस आणते. प्रमाण साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. पण वर्ट किती दाट आणि वायू किती हवा, हे मोजूनच ते ठरवावे. जास्त झाले तर बाटली फुटते.