नाण्यांची चळत

गेल्या विकेंडला कोल्हापूरला घरी गेलो होतो. माळ्यावरचा जुना एलसीडी मॉनिटर खाली काढला, तर पठ्ठ्या चक्क चालू झाला! पण खाली बसून वर बघितलं की सगळे चेहरे फोटोच्या निगेटिव्हसारखे. यावर सिनेमा बघताना बरोबर समोरची जागा पकडण्यावरून आम्हा भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या.

या स्क्रीनमध्ये काडीसारखे रेणू असलेला द्रव स्फटिक असतो. व्होल्टेज दिलं की मधले रेणू उभे राहतात, प्रकाश अडतो आणि काळा रंग दिसतो. काचेलगतचे मात्र तिरकेच राहतात. समोरून ते खपून जातं, कडेने बघितलं की प्रकाश गळतो.

याच्या उताऱ्याचा एक धागा नागपुरात जातो, हे मला आत्ता वाचून कळलं. एस. चंद्रशेखर १९५१ चे नागपूर विद्यापीठाचे एमएस्सी. (नोबेलवाले ते वेगळे. पण सी. व्ही. रामन मामा यांचे आणि काका त्यांचे!) १८८८ मध्ये राइनित्झरने पहिला द्रव स्फटिक हेरला तेव्हापासून समज असा, की रेणू लांबटच हवा. १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी दाखवलं, की चकतीसारखे रेणूसुद्धा नाण्यांच्या चळतीसारखे रचून द्रव स्फटिक बनवतात. पेपर कुठे छापला? 'प्रमाण' या आपल्याच नियतकालिकात.

पुढे नव्वदच्या दशकात जपानच्या फुजीने अशाच चकत्यांचा पातळ थर फिल्मवर दिला. खालपासून वरपर्यंत त्यांचा कल हळूहळू बदलत नेला आणि अतिनील प्रकाशाने रेणू एकमेकांत जोडून पॉलिमर केला, म्हणजे ती रचना कायमची गोठली. प्रकाशावर चकतीचा परिणाम काडीच्या उलट होतो. त्यामुळे तिरक्या काड्यांनी केलेली चूक तिरक्या चकत्या निस्तरतात. आतल्या काड्यांना हातही न लावता!

'शोध आपला, कारखाना त्यांचा' हे रडगाणं गायचा मोह मलाही झाला. पण पेपर ते फिल्म यात जवळजवळ वीस वर्षं गेली, आणि ती फिल्म बनवणं हे काही सोपं काम नव्हे. शिवाय चंद्रशेखर थांबले कुठे? निवृत्तीनंतर १९९१ मध्ये त्यांनी बंगळूरला फक्त द्रव स्फटिकांसाठी वेगळं संशोधन केंद्र उभं केलं. २००४ मध्ये ते गेले.

माझ्या मॉनिटरातही बहुधा ती फिल्म असावी, कारण डावी-उजवीकडून तो बरा दिसतो. खालून दिसणारी निगेटिव्ह मात्र तिलाही पूर्ण घालवता आली नाही. त्यामुळे मॉनिटर आता पुस्तकं रचून उंच न करता जमिनीवरच ठेवलाय.