कोरेगावचा स्तंभ आणि देशद्रोहाचा आरोप

साम्राज्य वाढते तेव्हा ते आपली सही दगडात कोरून ठेवते. भीमा नदीकाठी कोरेगावजवळ उभा असलेला स्तंभ ही ईस्ट इंडिया कंपनीची अशीच एक सही आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टॉन्टनच्या सुमारे ८०० सैनिकांनी दुसऱ्या बाजीरावाच्या कितीतरी मोठ्या फौजेला दिवसभर थोपवून धरले. १८२१ साली कंपनीने स्तंभाचा पाया घातला. हा स्तंभ कोणा दलिताने मागितला नव्हता. दख्खन आपल्या हाती आले, हे जगाला सांगण्यासाठी कंपनीने तो उभारला.

परंतु या दगडावर मृतांची नावेही आहेत. ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ती महारांची आहेत. उरलेल्यांत मराठे, रजपूत, मुसलमान आहेत. समोरच्या बाजीरावाच्या फौजेत अरब होते, गोसावी होते. मग ही लढाई ‘देश’ आणि ‘परके’ यांच्यातली होती, असे कसे म्हणता येईल?

तरीही दरवर्षी प्रश्न विचारला जातो: इंग्रजांच्या बाजूने लढले त्यांचा गौरव कशाला? हा प्रश्न फक्त महारालाच का विचारला जातो, याचे उत्तर कोल्हापूरकरांनी आपल्याच इतिहासात शोधावे. त्याच युद्धात कोल्हापूरची गादी पेशव्याच्या विरोधात कंपनीच्या बाजूने उभी राहिली आणि तिला चिकोडी व मनोळी ही ठाणी बक्षीस मिळाली. साताऱ्याच्या प्रतापसिंहांना कंपनीनेच १८१८ साली गादीवर बसविले. आमचे इतिहासलेखक याला राजनीती म्हणतात, आणि तसे म्हणण्याला आमची हरकत नाही. पण गादीने केली की राजनीती आणि शिपायाने केली की फितुरी, हे माप कोणत्या तागडीतले? ज्या राज्यात सावलीचाही विटाळ होत होता, त्या राज्याशी निष्ठा कोणी कोणाकडे मागावी?

कंपनीविषयीही भ्रम नको. ज्यांच्या रक्ताने राज्य वाढले, त्यांनाच सरकारने पुढे ‘लढाऊ जात’ नाही असे ठरवून १८९२-९३ च्या सुमारास लष्कराची दारे बंद केली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर आणि त्यांच्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले, सभा घेतल्या. तेव्हा याच स्तंभावरील नावे पुरावा झाली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि साम्राज्याची सही समतेच्या चळवळीची साक्ष बनली.

जगात अन्यत्रही असेच घडले आहे. अमेरिकेत सेंट लुईस येथे मिसिसिपीच्या काठी ६३० फूट उंचीची पोलादी कमान आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या पश्चिमेकडील विस्ताराचे ते राष्ट्रीय स्मारक. या विस्तारात मूळ रहिवाशांच्या जमिनी गेल्या, हे कमान सांगत नाही. तिच्या समोरच जुने न्यायालय आहे. तेथे ड्रेड स्कॉट आणि त्याची पत्नी हॅरिएट या गुलामांनी १८४६ साली स्वातंत्र्यासाठी दावा लावला. १८५७ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. जुलै १९६४ मध्ये कमान अपुरी असतानाच पर्सी ग्रीन आणि रिचर्ड डेली हे दोन कार्यकर्ते तिच्यावर चढून बसले. काळ्या कामगारांना या बांधकामावर कुशल कामे द्या, ही त्यांची मागणी होती. विस्ताराच्या स्मारकावरच त्यांनी विस्ताराचा हिशेब मागितला.

१ जानेवारी २०१८ रोजी, लढाईच्या दोनशेव्या वर्षदिनी, कोरेगाव परिसरात हिंसाचार झाला. दोनशे वर्षांपूर्वीच्या दगडाची एवढी चीड का यावी? इंग्रज गेले, कंपनी गेली. पण त्या दगडावरील बावीस नावे गेली नाहीत, आणि ती वाचणारी माणसे वाढत आहेत.

म्हणून शिक्षकांनी हा स्तंभ वर्गात नुसता ‘विजयस्तंभ’ म्हणून शिकवू नये. तो कोणी उभारला, कशासाठी उभारला, हेही सांगावे. मग ती नावे एकेक करून वाचून दाखवावीत, आणि त्याच तासाला चिकोडी-मनोळीची गोष्टही सांगावी. देशद्रोही कोण, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.