गोंगाटातल्या गेमिंगसाठी हेडफोन

लोकल, एसटी, कॉलेजचे कॅन्टीन किंवा हॉस्टेलची सामायिक खोली अशा ठिकाणी मोबाइलवर वा हातातल्या कन्सोलवर खेळताना वापरायची श्रवणसाधने. शांत खोलीत गाणी ऐकायला जे हेडफोन उत्तम, ते इथे बहुधा निकामी ठरतात. ओपन-बॅक प्रकार तर पहिल्याच फेरीत बाद होतो : त्याच्या पाठीमागच्या जाळीतून डब्यातला गलका आत येतो आणि आपला गोळीबार शेजारच्या काकांना ऐकू जातो.

बीजीएमआयसारख्या गोळीबाराच्या खेळात शत्रू कुठून येतोय हे पावलांच्या आवाजावरून ओळखायचे असते. डावीकडचा आवाज डाव्या कानात किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो. दोन कानांमधला हा वेळेचा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो आणि मेंदूला दिशा ठरवायला तेवढा पुरतो. खेळाचे सॉफ्टवेअर हाच फरक दोन कानांत कृत्रिमपणे उभा करते. पण पावलांचा आवाज मुळात हलका, आणि रुळांची घरघर खालच्या पट्टीतली. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरचे बारीक आवाज गिळतो. उलटे तितकेसे होत नाही. मग खेळाडू आवाज वाढवतो, पावले कशीबशी ऐकू येतात आणि पुढची गोळी कानठळ्या बसवते.

म्हणून पहिला प्रश्न गोंगाट बाहेर कसा ठेवायचा, हा. साधा उपाय म्हणजे कानाच्या नळीत घट्ट बसणारे रबरी किंवा फोमचे टोक. डबीत तीन मापांची टोके येतात, आणि बहुतेकजण आधीपासून लावलेले मधले तसेच वापरतात. विरुद्ध बाजूच्या हाताने कान वर-मागे ओढून टोक आत सरकवावे आणि काहीतरी बोलून पाहावे. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर कान बंद झाला. नाही घुमला तर माप चुकले. दोन्ही कानांना एकच माप लागेल असेही नाही.

दुसरा उपाय नॉइज कॅन्सलेशनचा. बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून त्याच्या उलट तरंग कानात सोडायचा, ही कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या पॉल लुएग यांना तिचे अमेरिकन पेटंट १९३६ मध्ये मिळाले. अभियंते अमर बोस यांनी १९७८ मध्ये विमानप्रवासात तिचा विचार सुरू केला आणि त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. विमानाच्या इंजिनासारखी सलग, खालच्या पट्टीतली घरघर हे तंत्र छान खाऊन टाकते. साधारण १,००० हर्ट्झच्या वर मात्र त्याचा जोर ओसरतो. त्यामुळे बसच्या इंजिनाची धडधड जाते, आणि फेरीवाल्याची आरोळी, हॉर्न, रडणारे पोर उरते. कधी तर पूर्वीपेक्षा स्पष्ट. लोकलच्या दारात उभे राहिले की वारा मायक्रोफोनवर आदळून नवीच फडफड सुरू होते.

खरी मेख ब्लूटूथमध्ये आहे. नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद, कधी त्याहूनही उशिरा पोचतो. सेकंदाला ६० चौकटी दाखवणाऱ्या खेळात २०० मिलिसेकंद म्हणजे १२ चौकटी. सिनेमा बघताना हे कळत नाही, कारण व्हिडिओचे अॅप चित्रही तेवढेच मागे ठेवते; खेळाला ती सोय नाही. 'गेम मोड'ने उशीर कमी होतो, पण किती, ते फोनवरही अवलंबून असते. फोनमध्ये खोचायचा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल त्याहून बरा. वायरला हा रोगच नाही.

माइक चालू केला की आणखी पंचाईत होते. जुन्या धाटणीचे ब्लूटूथ तेव्हा फोनकॉलच्या पद्धतीवर उतरते : आवाज मोनो होतो, चपटा होतो आणि डावे-उजवे संपते. म्हणजे साथीदाराला 'मागे बघ' सांगता येते, पण मागे कोण आहे ते आपल्यालाच ऐकू येत नाही. २०२० मध्ये जाहीर झालेल्या ब्लूटूथ एलई ऑडिओत यावर तोड आहे. ती सोय फोन आणि इअरबड दोन्हींत असावी लागते. गोंगाटात माणूस नकळत ओरडून बोलतो, हे फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ मध्येच नोंदवले होते. हळू बोललेलेही पोचावे यासाठी तोंडाजवळ लोंबणारा वायरवरचा माइक इथे देखण्या इअरबडवर मात करतो.

या सगळ्यामुळे लोकलमध्ये खेळणाऱ्याने चांगल्या टोकांचा, माइकवाला, वायरचा साधा इअरफोन घ्यावा, असेच या नोंदीचे मत आहे. अडचण एकच, अनेक फोनना आता हेडफोनचे ३.५ मिमीचे भोक नसते. टाइप-सी कन्व्हर्टर मिळतो, पण प्रत्येक कन्व्हर्टर प्रत्येक फोनला चालत नाही, आणि तो लावला की चार्जिंगची जागा जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबेल आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित, तर ९० डेसिबेल फक्त ४ तास. बाहेरचा गोंगाट अडला तर आवाज कमी ठेवूनही पावले ऐकू येतात. फलाटावर आणि रूळ-रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही कान मोकळे हवेत.

खरेदीच्या वेळी दुकानदार गाणे लावून दाखवतो. त्याने काही कळत नाही. आपला फोन न्यावा, दुकानाच्या दारात रस्त्याकडेला उभे राहून खेळातले सरावाचे मैदान उघडावे, माइक चालू करावा आणि एकेक गोळी झाडत बोट व आवाज यांत किती अंतर पडते ते पाहावे.