एंजिनातील तेलगळती व तिचा उगमशोध

एंजिनाच्या हालत्या भागांतील घर्षण कमी करणारे व त्यांची उष्णता वाहून नेणारे वंगण तेल आपला ठरलेला मार्ग सोडून बाहेर पडू लागले म्हणजे त्या क्रियेस तेलगळती म्हणतात. गळती दिसणे आणि गळतीचा उगम सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. तेल ज्या फटीतून निसटते तेथे ते क्वचितच थांबते. धातूच्या अंगाला धरून ते पसरते, गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते, वाहन चालू असल्यास वाऱ्याच्या झोताने मागे ढकलले जाते आणि अखेर एखाद्या बोल्टाच्या टोकाशी थेंबाच्या रूपाने जमते. जमिनीवरील डाग या टोकाचा पत्ता सांगतो, फटीचा नव्हे. यंत्रज्ञांना या भेदाची गरज आरंभापासून भासली असे मात्र नाही. कारण एंजिनाने तेल बाहेर टाकावे ही एके काळी नित्याची गोष्ट होती. गळती ही बिघाडाची खूण ठरण्यापूर्वी एंजिनाला तेल धरून ठेवता येणे आवश्यक होते.

एकोणिसाव्या शतकातील बाष्प एंजिनांत व प्रारंभीच्या अंतर्ज्वलन-एंजिनांत तेल एकदाच वापरले जाई. काचेच्या पेल्यातून ते थेंबाथेंबाने धारव्यावर पडे, आपले काम करी आणि खाली ठेवलेल्या ताटलीत किंवा जमिनीवर सांडे. एंजिनाभोवतीची जमीन कोरडी दिसली, तर उलट तेलवाल्याने आपले काम केले नाही असा संशय येई. या पद्धतीचे टोक विमानांच्या फिरत्या एंजिनांत गाठले गेले. फ्रान्समधील सेगँ बंधूंच्या १९०८ च्या सुमारास तयार झालेल्या ‘नोम’ एंजिनात सिलिंडरांसह सर्व एंजिनच स्थिर भुजादंडाभोवती फिरत असे. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण एंजिनाच्या पोटातूनच जात असल्याने पेट्रोलमध्ये सहज विरघळणारे खनिज तेल तेथे निरुपयोगी होते. म्हणून एरंडेल वापरीत. काम झालेले एरंडेल निष्कास वायूंबरोबर बाहेर फेकले जाई आणि पंख, चष्मा व वैमानिकाचा चेहरा यांवर त्याचा थर बसे. पहिल्या महायुद्धातील वैमानिकांना या तेलाच्या फवाऱ्याचा पोटावर होणारा परिणाम सहन करावा लागे, हे प्रसिद्धच आहे. तासाला कित्येक लिटर तेल अशा रीतीने जात असताना ‘गळती कोठून’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता.

तेल पुन्हा पुन्हा फिरविण्याची कल्पना बाष्प एंजिनांतच पुढे आली. बर्मिंगहॅम येथील बेलिस कंपनीतील ॲल्बर्ट पेन यांनी १८९० मध्ये दाबाखालील वंगणाचे एकस्व घेतले. पंपाने तेल धारव्यांत दाबायचे, ते तळाच्या पेटीत परत जमवायचे व पुन्हा पंपाकडे न्यायचे, अशी ही योजना होती. मोटारींत ती हळूहळू आली. १९०८ मध्ये बाजारात आलेल्या फोर्ड ‘मॉडेल टी’ मोटारीत तेलाचा पंप नव्हता. गतिचक्राने उडविलेले तेल एका नळीत पडून पुढील भागाकडे जाई आणि बाकीचे काम शिंतोड्यांवर भागे. पातळी पाहण्यासाठी एंजिनाच्या तळाशी दोन तोट्या होत्या. वरच्या तोटीतून तेल येऊ नये व खालच्या तोटीतून यावे, एवढीच कसोटी. ती पाहण्यासाठी मालकाला गाडीखाली सरपटावे लागे, आणि त्यामुळे डाग व तोटी यांची भेट आपोआपच घडे. पुढे पातळी मोजण्याची पट्टी आली, गाडीखाली जाण्याचे कारण उरले नाही आणि डागाकडे दुर्लक्ष होण्याची सोयही झाली.

तेल फिरते राहू लागल्यावर ते अडविण्याचा प्रश्न उभा राहिला. स्थिर जोडांवर कागद, बूच किंवा ॲस्बेस्टसाची भरण, म्हणजेच गॅस्केट, पुरेशी होई. फिरता दंड पेटीच्या भिंतीतून बाहेर येतो तेथे मात्र भरण घट्ट बसविली तर ती जळते व सैल ठेवली तर तेल सुटते. नमदा, चामडे आणि ग्रॅफाइट लावलेला दोर यांवर कित्येक वर्षे भागविण्यात आले. भुजादंडावर उलट्या दिशेचे आटे कापून तेल आत परतविण्याची युक्ती पुष्कळ एंजिनांत होती. ती एंजिन फिरत असतानाच काम करते, हा तिचा दोष. १९३० च्या सुमारास जर्मनीतील फ्रॉइडेनबर्ग या चामड्याच्या कंपनीत वाल्टर झिमर यांनी धातूच्या कड्यात बसविलेली चामड्याची ओठासारखी कड विकसित केली. पुढे चामड्याची जागा संश्लेषित रबराने घेतली. आज गॅरेजमध्ये ‘ऑइल सील’ म्हणून ओळखली जाणारी वस्तू ती हीच. डेन्मार्कमध्ये जन्मलेले अमेरिकन यंत्रज्ञ नील्स क्रिस्टेन्सन यांना १९३९ मध्ये रबरी कड्याचे, म्हणजे ‘ओ-रिंग’चे, एकस्व मिळाले. काही पैशांच्या या कड्याचा उल्लेख पुढे येणारच आहे.

सीलांच्या या प्रगतीमुळे एक गैरसमजही रूढ झाला. तेल सीलामधून येते, म्हणून सील बिघडले असा निष्कर्ष काढला जाऊ लागला. वस्तुतः दट्ट्याच्या कड्यांजवळून थोडे ज्वलनवायू नेहमीच खालच्या पेटीत उतरतात. त्यांना वाट मिळाली नाही तर पेटीतील दाब वाढतो व तेल सर्वांत दुबळ्या जागेतून बाहेर ढकलले जाते. पूर्वी हे वायू श्वासनळीवाटे हवेत सोडीत. लॉस अँजेल्सच्या धुरकट हवेच्या प्रश्नामुळे १९६० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकन मोटारींत ते झडपेमार्फत पुन्हा एंजिनात शोषून घेण्याची व्यवस्था आली. ही झडप काजळीने चोंदली, की सुस्थितीतील सीलसुद्धा पाझरू लागते. नवे सील बसविले तरी थोड्याच दिवसांत तेही पाझरते आणि दोष सीलाच्या दर्जावर येतो. येथे तेल बाहेर पडण्याची जागा व गळतीचे कारण यांत हातभर अंतर असते, आणि जागा अचूक सापडूनही शोध चुकतो.

उगम शोधण्याची मूळ रीत साधी आहे : एंजिन पूर्ण धुऊन कोरडे करावे, थोडा वेळ चालवावे आणि सर्वांत वरची व सर्वांत पुढची ओली जागा पाहावी. यातील धुण्याची पायरी टाळली जाते, कारण ती कष्टाची असते. आणि जुन्या चिकट थरावर नवे तेल ओळखू येत नाही म्हणून पुढील सर्व निरीक्षण वाया जाते. धुतलेल्या भागावर शंखजिरे किंवा खडूची भुकटी उडविली असता ताज्या तेलाची रेघ तिच्यावर गडद उमटते. ही युक्ती गॅरेजात जन्मली नाही. रेल्वेच्या कर्मशाळांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आस व इतर जड भाग तेलात बुडवून, पुसून, त्यांवर खडूचा पातळ लेप देत. चिरेत शिरलेले तेल लेपातून वर येऊन चिरेची रेषा दाखवी. चिरेचा शोध व गळतीचा शोध या एकाच कुळातील विद्या आहेत.

या कुळातील पुढची पायरी प्रकाशाची. अमेरिकन भौतिकीविज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०३ मध्ये दृश्य प्रकाश अडवून जंबुपार किरण पुढे सोडणारी गाळणी तयार केली. हे किरण पडताच काही द्रव्ये स्वतः चमकतात; या गुणधर्मास अनुस्फुरण म्हणतात. रॉबर्ट व जोसेफ स्विट्झर हे बंधू १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात अशा द्रव्यांवर प्रयोग करीत होते. रॉबर्ट यांनी खडूच्या जुन्या रीतीत साध्या तेलाऐवजी चमकणारा द्रव योजला आणि १९४२ मध्ये ही तपासणी शिकागो येथील मॅग्नाफ्लक्स कंपनीमार्फत विमान उद्योगात आली. खनिज तेल स्वतःही थोडे चमकते. परंतु एंजिनातील वापरलेले काळे तेल पुरेसे चमकत नसल्याने त्यात रंजकद्रव्य मिसळतात, एंजिन चालवितात व अंधारात जंबुपार दिव्याने पाहतात. पिवळ्या-हिरव्या रेघेचे वरचे टोक हाच उगम.

या साधनांची खरी गरज कोठे भासते, हे एका नेहमीच्या प्रसंगावरून स्पष्ट होईल. एंजिन व दंतचक्रपेटी यांच्या जोडाखाली थेंब दिसतो. तेथे भुजादंडाचे मागचे सील असते आणि ते बदलण्यासाठी संपूर्ण दंतचक्रपेटी उतरवावी लागते. परंतु एंजिनाच्या माथ्यावरील झडपांच्या आवरणाची, म्हणजे टॅपेट कव्हरची, मागची कड पाझरत असेल, तर ते तेल एंजिनाच्या पाठीवरून निथळून नेमके त्याच जागी ठिबकते. एक काम दोन दिवसांचे, दुसरे अर्ध्या तासाचे. फिरवून बसविण्याचा तेल-गाळक बदलताना जुने रबरी कडे एंजिनालाच चिकटून राहणे व त्यावर नवे बसणे, हीदेखील वारंवार घडणारी गोष्ट होय. अशी गळती दुरुस्तीनंतर लगेच सुरू होत असल्याने तिचा संशय आधी घ्यावयास हवा. द्रव कोणता हेही ठरविणे आवश्यक असते. दंतचक्रांच्या तेलाला गंधकाचा उग्र वास येतो, शीतक द्रव पाण्यासारखा पसरतो व स्वयंचलित दंतचक्रपेटीचे तेल बहुधा तांबडे असते. गळतीचा वेगही फसवा असतो. एक थेंब सु. ०·०५ मिलि. धरला, तर सेकंदाला एक थेंब या वेगाने तासाला १८० मिलि. तेल जाते आणि ४ लि. क्षमतेची तळपेटी दिवसभरात रिकामी होते.

येथवर वर्णिलेल्या सर्व रीती तेल बाहेर दिसते असे गृहीत धरतात. बंद जागेत किंवा उड्डाणात ते दिसत नाही, तेव्हा शोध खुणा, नोंदी आणि उपकरणांचे आकडे यांच्या आधारे करावा लागतो. अमेरिकेतील डेन्व्हर व रिओ ग्रँड रेल्वेने १९४० च्या दशकात डीझेल एंजिनांच्या वापरलेल्या तेलाचे वर्णपटीय परीक्षण सुरू केले. तेलात सापडलेल्या धातूंवरून कोणता भाग झिजतो हे जसे कळते, तसेच शीतकातील रसायनांच्या अंशावरून पाणी तेलात शिरत असल्याचेही कळते.

५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचे तीन एंजिनांचे लॉकहीड ट्रायस्टार विमान १७२ जणांसह मायामीहून नासाऊकडे निघाले. वाटेत मधल्या एंजिनातील तेलाचा दाब उतरला, म्हणून ते बंद करून विमान मागे वळविण्यात आले. थोड्याच वेळात उरलेल्या दोन्ही एंजिनांचे दाबदर्शक शून्याकडे गेले. तीन स्वतंत्र एंजिनांतील तेल एकाच वेळी संपणे असंभाव्य, म्हणून उपकरणेच बिघडली असावीत असे कर्मचाऱ्यांना वाटले. तो तर्क गैर नव्हता, पण उपकरणे खरे सांगत होती. दोन्ही एंजिने एकामागून एक बंद पडली. विमान सु. ४,००० मी. उंचीवरून सु. १,२०० मी. पर्यंत उतरत आले असताना आधी बंद केलेले एंजिन पुन्हा सुरू झाले आणि त्या एकाच एंजिनावर ते मायामीस सुखरूप उतरले. चौकशीत तिन्ही गळतींचा उगम एकच निघाला. तेलातील धातूचे कण पकडणारे चुंबकी शोधक आदल्या रात्री तिन्ही एंजिनांतून तपासणीसाठी काढले होते व त्यांच्या जागी बसविलेल्या शोधकांवर ओ-रिंग नव्हत्या. भांडारातून येणारा शोधक कड्यांसह तयार असतो अशी कामगारांची समजूत होती. या शोधकांमुळे झालेल्या गळतीचे प्रसंग त्या कंपनीत आधीही अनेकदा घडले होते. प्रत्येक वेळी ते एका एंजिनापुरते होते, म्हणून त्यांचे गांभीर्य उमगले नाही. एंजिनाची झीज वेळेवर कळावी म्हणून योजलेली तपासणीच येथे गळतीचे मूळ ठरली.

४ नोव्हेंबर २०१० चा प्रसंग याहून गुंतागुंतीचा होता. क्वांटास कंपनीचे एअरबस ए ३८० विमान ४६९ जणांसह सिंगापूरहून सिडनीकडे निघाले असता काही मिनिटांतच त्याच्या रोल्स-रॉइस ट्रेंट ९०० बनावटीच्या दुसऱ्या क्रमांकाच्या एंजिनातील टरबाइनाची चकती फुटली. तुकडे पंख भेदून गेले व काही इंडोनेशियाच्या बाटम बेटावर पडले. वैमानिकांनी विमान सु. दोन तासांत सिंगापूरला परत आणले. कोणासही इजा झाली नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने बेटावरून मिळविलेले तुकडे, विमानातील नोंदी व उरलेले एंजिन यांवरून मागे मागे जात शोध घेतला. चकतीत मूळचा दोष नव्हता. ती अतिवेगाने फिरून फुटली होती. अतिवेगाचे कारण म्हणजे आगीने तिचा दंडाशी असलेला सांधा तुटला होता. आग लागली ती धारव्याला तेल पुरविणाऱ्या एका आखूड नळीच्या चिरेतून तप्त पोकळीत फवारलेल्या तेलामुळे. आणि चीर पडली ती नळीच्या तोंडाशी केलेले रुंद छिद्र मध्यापासून सरकल्यामुळे : आराखड्याप्रमाणे सु. ०·९ मिमी. असावयाची भिंत एका बाजूस निम्म्याहूनही पातळ उरली होती. मंडळाचा अंतिम अहवाल जून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

तशाच सदोष नळ्या त्याच प्रकारच्या इतर एंजिनांतही आढळल्या. कारखान्यातील तपासणीत नळी मोजली जात असे, परंतु छिद्राचा मध्य ज्या संदर्भपृष्ठापासून मोजावयाचा ते पृष्ठ जोडणीनंतर झाकले जाई व दुसऱ्याच पृष्ठावरून माप घेतले जाई. संशयित नळ्या असलेली एंजिने तपासून ती सेवेतून काढण्यात आली. याशिवाय टरबाइनाचा वेग मर्यादेबाहेर जाण्याची लक्षणे दिसताच इंधन तोडून एंजिन बंद करणारी व्यवस्था त्या एंजिनांच्या इलेक्ट्रॉनीय नियंत्रकात घालण्यात आली.