मागावरून चुलीवर

वर्धा म्हटलं, की लोकांना सेवाग्राम आठवतं आणि सेवाग्राम म्हटलं, की आश्रमातलं बिनमसाल्याचं जेवण. माझीही समजूत तशीच होती. एकदा दुपारी वर्धा शहरातली एक गल्ली चुकलो आणि जवस तेलाच्या फोडणीच्या वासामागे चालत एका घरापाशी पोचलो. दारावर हाताने रंगवलेली पाटी होती : सावजी भोजनालय. आत चार टेबलं. बाईंनी विचारलं, ‘‘काकाजी, तिखट चालते ना तुम्हाले? पाणी जवळ ठेवजा.’’

काळपट लाल रस्सा, वर तर्री, सोबत ज्वारीची भाकर. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. तरी दुसरा घास थांबेना. पाट्यावर वाटलेली खसखस, सुकं खोबरं, दगडफूल अशी एकेक चव मागाहून कळत गेली.

भिंतीवर एक लाकडी धोटा टांगलेला होता. खानावळीत विणकराचा धोटा कशाला? बाई म्हणाल्या, ‘‘सासऱ्याचा आहे. हा चालला असता, तर हे दुकान निघालंच नसतं.’’

त्या एका वाक्यात दीडशे वर्षांचा इतिहास आहे. सावजी जेवण मूळचं नागपूरकडच्या हलबा कोष्टी समाजाचं. लुगडी विणणं हा त्यांचा पिढीजात धंदा. घरातच माग; पुरुष मागावर आणि बायका-मुलं कांड्या भरायला. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. हिंगणघाटचा कापूस त्याआधीच विलायतेच्या बाजारात नावाजलेला होता. आता तो गाडीने जाऊ लागला आणि त्याच वाटेने स्वस्त कापड परत येऊ लागलं. १८७७ मध्ये नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे हिंगणघाट आणि पुलगावलाही गिरण्या निघाल्या. हातमाग एकदम बंद पडला नाही. कोष्ट्यांनी गिरणीचं सूत वापरून तो बराच काळ चालवला. पुढे यंत्रमाग आले आणि उरलीसुरली मिळकतही आटली. तेव्हा अनेक घरांनी आपली चूलच धंद्याला लावली. कांड्या भरणाऱ्या हातांनी खानावळी उभ्या केल्या.

आपण या चवीला ‘अस्सल वऱ्हाडी’ म्हणून मोकळे होतो. पण जिच्यावाचून सावजी रस्सा होऊच शकत नाही, ती मिरची मूळची मेक्सिकोकडची! पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणली. त्याआधी आपला तिखटपणा मिरी-पिंपळीचा होता. मेक्सिकोत आजही मक्याच्या पातळ भाकरीत मटण घेऊन, वर मिरचीची चटणी घालून खातात. टाको म्हणतात त्याला. तिथल्या गल्लीबोळांतही अशीच चार टेबलांची घरगुती दुकानं असतात. भाकर ज्वारीची असो की मक्याची, मिरची दोन्हींकडे एकाच घराण्यातली. तेव्हा अस्सलपणा मुळात शोधायला गेलो, तर हाती फारसं लागणार नाही. तो त्या पाट्यावर रोज वाटणाऱ्या हातात आहे.

आणि काळजी त्या हाताचीच वाटते. याच वर्ध्यात १९३४ नंतर मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं. १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडलं. चरखा, घाणी यांची कदर करायला आपण तिथे शिकलो. बाईंचा मसाला मात्र कुठल्याही संग्रहालयात नाही. प्रमाण विचारलं, तेव्हा त्यांनी नुसती मूठ उघडून दाखवली. मुलगी पुण्याला नोकरी करते; तिने तो कधी वाटलेला नाही.

निघताना मी म्हटलं, ‘‘एकदा तिला समोर बसवून लिहून घ्या.’’

बाई हसल्या. ‘‘लिहून येत नाही काकाजी, वाटूनच येते. दिवाळीले येणार आहे ती. बसवतो पाट्यावर.’’