एरोल टोबायस: संघात जागा मिळाली, मताचा हक्क नव्हता

आजची गोष्ट रग्बीची आहे. रग्बीचे नियम माहीत नसतील तरी काही अडणार नाही, कारण आपला प्रश्न मैदानाबाहेरचा आहे.

सुरुवात मात्र टेनिसपासून करतो. 1974 साली भारत डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोहोचला. समोर होता दक्षिण आफ्रिका. आपण खेळलोच नाही. तिथल्या वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने चषकावर पाणी सोडलं. आपल्याला या निर्णयाचा अभिमान वाटतो, मलाही वाटतो. म्हणूनच एरोल टोबायसबद्दल वाचायला लागलो तेव्हा मी जरा अडखळलो. कारण आपण बाहेरून ज्या संघाशी खेळायला नकार देत होतो, त्याच देशाच्या रग्बी संघात हा माणूस आतून शिरायची धडपड करत होता. आणि तो गोरा नव्हता.

टोबायसचा जन्म 1950 सालचा, केप टाउनपासून शंभरेक किलोमीटरवरच्या कॅलेडन नावाच्या लहान गावातला. हे साल लक्षात ठेवा. याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत दोन कायदे झाले. एकाने प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद सुरू केली, दुसऱ्याने कुणी कुठल्या वस्तीत राहायचं ते ठरवलं. टोबायसची नोंद ‘कलर्ड’ म्हणून, म्हणजे सरकारच्या भाषेत मिश्र वंशाचा. व्यवसायाने तो गवंडी. विटा रचायचा आणि उरलेल्या वेळात रग्बी खेळायचा.

आता तिथली रग्बी कशी होती ते बघा. राष्ट्रीय संघाचं नाव स्प्रिंगबॉक्स. या संघात फक्त गोरे. एवढंच नाही, पाहुण्या संघानेही गोरेच आणावेत अशी अपेक्षा. न्यूझीलंडच्या माओरी खेळाडूंना येऊ देणार नाही म्हटल्यावर न्यूझीलंडचा 1967 चा दौराच रद्द झाला. 1970 ला माओरी आले, पण ‘मानद गोरे’ म्हणून! यात हसावं की रडावं तेच कळत नाही. केप टाउनमधले कित्येक कलर्ड प्रेक्षक तर स्वतःच्याच देशाच्या संघाविरुद्ध ओरडायचे आणि पाहुण्यांच्या बाजूने टाळ्या वाजवायचे.

सत्तरच्या दशकात जगाचा दबाव वाढला आणि गोऱ्यांच्या रग्बी बोर्डाला दाखवायला काहीतरी हवं होतं. इथे बिगरगोऱ्या खेळाडूंमध्ये फूट पडली. एक गट म्हणाला, बोर्डासोबत जाऊ, आत शिरू. दुसऱ्या गटाचं म्हणणं असं की जिथे समाजच धड नाही तिथे खेळ तरी धड कसा होईल? आधी वर्णभेद जाऊ दे, मग खेळू. टोबायस पहिल्या गटाच्या फेडरेशनमधून खेळायचा. त्यामुळे दुसऱ्या गटाच्या लेखी तो गद्दार ठरला, तर अनेक गोऱ्यांच्या लेखी नुसता शोभेचा बाहुला. म्हणजे दोन्हीकडून मार.

30 मे 1981. केप टाउनचं न्यूलँड्स मैदान, प्रतिस्पर्धी आयर्लंड. टोबायस कसोटी खेळणारा पहिला बिगरगोरा स्प्रिंगबॉक ठरला. वय 31, म्हणजे बऱ्याच खेळाडूंची निवृत्तीकडे नजर लागलेली असते ते वय. गंमत बघा, हाच तो दौरा ज्यावर यायला चार आयरिश खेळाडूंनी नकार दिला होता. टोनी वॉर्ड, मॉस कीन, ह्यूगो मॅकनील आणि डोनल स्प्रिंग. त्यांनी सदसद्विवेकाला स्मरून मैदान सोडलं आणि त्याच मैदानावर टोबायस पहिल्यांदा उतरला. आफ्रिका 23-15 ने जिंकली. ज्या देशाची जर्सी त्याच्या अंगावर होती, त्या देशाच्या संसदेसाठी मत द्यायचा हक्क मात्र त्या दिवशी त्याला नव्हता.

त्यानंतर लगेच न्यूझीलंडचा दौरा. तिथे निदर्शनांनी देश ढवळून निघाला. हॅमिल्टनला निदर्शक मैदानात घुसले आणि सामना रद्द करावा लागला. ऑकलंडच्या कसोटीत विमानातून पिठाच्या पिशव्या टाकल्या गेल्या. टोबायस त्या संघासोबत होता, पण एकाही कसोटीत त्याला घेतलं नाही. आता तुम्हीच सांगा, टीकाकारांना ‘बघा, याला दाखवायला आणलंय’ असं म्हणायला आणखी काय हवं होतं?

1984 मध्ये उत्तर मिळालं. इंग्लंडविरुद्ध तो फ्लाय-हाफ म्हणून उतरला. चेंडू लाथाडायचा, पास द्यायचा की घेऊन पळायचं, हे ठरवणारा संघातला मेंदू म्हणजे फ्लाय-हाफ. ज्या व्यवस्थेचा पायाच ‘यांना अक्कल कमी’ या समजुतीवर होता, त्या व्यवस्थेच्या लाडक्या संघाची सूत्रं चौतिशीतला एक गवंडी हलवत होता. आफ्रिका 33-15 आणि 35-9 अशी जिंकली. त्याच वर्षी दक्षिण अमेरिकेच्या संघाविरुद्ध आणखी दोन कसोट्या, दोन्ही जिंकल्या. एकूण सहा कसोट्या, सहा विजय. आणि तिथेच कारकीर्द संपली.

मग टोबायस बरोबर की त्याचे टीकाकार?

त्याची स्वतःची भूमिका साधी होती. मी राजकारणी नाही, आमची माणसं कुणापेक्षा कमी नाहीत हे मला खेळून दाखवायचं होतं. ते त्याने दाखवलं, यात वाद नाही.

पण पुढे काय झालं ते पाहा. इंग्लंडविरुद्धच्या त्या मालिकेत अॅव्हरिल विल्यम्स हा दुसरा बिगरगोरा खेळाडू आला. तिसरा कधी आला? 1993 मध्ये, अॅव्हरिलचाच पुतण्या चेस्टर विल्यम्स. तोवर मंडेला तुरुंगाबाहेर आले होते आणि वर्णभेदाचे मुख्य कायदे गेले होते. मधली नऊ वर्षं दार बंदच राहिलं. खेळून दार उघडेल असं टोबायसला वाटत होतं. ते त्याच्यापुरतं किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं. दार खऱ्या अर्थाने उघडलं ते लढ्यामुळे आणि बहिष्कारामुळे.

म्हणून माझं मत असं झालंय. टोबायसच्या सहा सामन्यांनी टोबायसला खरं ठरवलं आणि नंतरच्या नऊ वर्षांनी त्याच्या टीकाकारांना. डेव्हिस कप सोडणं योग्यच होतं, हे मी आजही म्हणेन. पण आपण नकार दिला तेव्हा आपला एक चषक गेला. टोबायसने नकार दिला असता तर त्याची अख्खी कारकीर्द गेली असती, आणि एकतिसाव्या वर्षी माणसाकडे थांबायला वेळ नसतो. त्याचा मार्ग चुकला असं म्हणायचा हक्क तिथल्या लढणाऱ्यांना होता, कारण त्यांनीही किंमत मोजली होती. आपण इथे बसून त्याला ‘गद्दार’ म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

लोकशाही आल्यावर टोबायस त्याच कॅलेडनचा महापौर झाला. आणि 2018 मध्ये सिया कोलिसी स्प्रिंगबॉक्सचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार झाला. 2019 चा विश्वचषक त्याने उंचावला, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. पुन्हा पाहाल तेव्हा 1981 चा तो गवंडीही आठवा.

तुम्ही त्याच्या जागी असता तर खेळला असता का? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात.